महिन्याचं नाही, वर्षाचं बजेट: नागपुरात काटकसरीनं घर चालवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न नवा संसार थाटलेल्या मुलींनी विचारलेत, तसे नोकरी सुटलेल्या माणसांनीही विचारलेत. उत्तरं नागपूरच्या हिशेबानं दिली आहेत. पुण्या-मुंबईच्या घराला ती जशीच्या तशी लागू पडणार नाहीत, कारण तिकडे एप्रिल-मेमध्ये विजेचं बिल असं उसळी मारत नाही आणि गच्चीवर वड्या वाळवायला एवढं कडक ऊनही मिळत नाही. बाजारभाव मुद्दाम दिलेले नाहीत. आज लिहिले तर उद्या खोटे ठरतात. जिथे रुपये आहेत, ते फक्त गणित समजावं म्हणून.

पगार ठरलेला आहे, रोजचा खर्च वहीत लिहितो, तरी दरवर्षी जूनमध्ये उसनवारी करावी लागते. असं का?

कारण वही महिन्याची आहे आणि खर्च वर्षाचा आहे. नागपूरच्या घराचा खर्च बारा महिने सारखा नसतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तूरडाळ, मिरची, हळद. मार्च-एप्रिलमध्ये गहू. एप्रिल ते जून कूलर आणि विजेचं बिल. जून उजाडला की शाळेची फी, दप्तर, छत्र्या. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत सण, आणि तुळशीचं लग्न झालं की लोकांच्या घरची लग्नं. यातलं काहीच अचानक येत नाही, पण आपण दरवेळी अचानक आल्यासारखं धावतो.

एकदा बसून वर्षाचे मोठे खर्च मांडा. उदाहरणादाखल: धान्य-डाळी-मसाला १८,०००, शाळा १५,०००, सणवार १२,०००, उन्हाळ्याचं जादा वीजबिल आणि कूलरची दुरुस्ती ५,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००, घरटॅक्स आणि आहेर ५,०००. बेरीज ६०,०००. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये तुमचे नाहीतच, ते पुढच्या कुठल्यातरी महिन्याचे आहेत. पगार झाला की तेवढे आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात महिना काढायचा. २५,००० पगार असेल तर तुमचा खरा पगार २०,००० आहे असं धरून चाला. पहिलं वर्ष जड जातं, कारण मागचं उसनं फेडायचं असतं आणि पुढचं साठवायचंही असतं.

ते बाजूला काढलेले पैसे ठेवायचे कुठे? डब्यात ठेवले की संपतात.

डब्यात ठेवूच नका. ज्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात नाही आणि जे मोबाइलवरच्या पेमेंटला जोडलेलं नाही, अशा वेगळ्या बचत खात्यात टाका. बँकेची एक वर्षाची आवर्ती ठेव चालते, फक्त ती ज्या महिन्यात खर्च येणार त्याच्या आदल्या महिन्यात सुटेल असं बघून सुरू करा. पोस्टाची आवर्ती ठेव ५ वर्षांची असते. ती चांगली आहे, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पण या कामाची नाही. घरात १० वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं वेगळं काढा, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. त्यातले पैसे मात्र घरखर्चात धरायचे नाहीत.

भिशी लावावी का?

दहा-बारा ओळखीच्या बायकांची, रोख, लहान रकमेची असेल तर लावा. पैसे एकरकमी हातात येतात आणि गव्हाच्या वेळी उपयोगी पडतात. आपला नंबर मार्चमध्ये यावा असं आधीच सांगून ठेवायचं. "महिन्याला इतके टक्के सुटतात" असं सांगणारी भिशी असेल तर पाया पडून परत या.

वर्षाचं धान्य एकदम भरणं परवडतं का? आमच्या सासूबाई भरतात, पण आमच्याकडे एवढे पैसे एका वेळी नसतात.

पैसे असतील तर परवडतं. उसने काढून भरणं परवडत नाही, व्याजात सगळी बचत जाते.

आधी आपल्याला लागतं किती ते बघा. १ किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३० ते ३२ पोळ्या होतात. चार माणसांच्या घरात दिवसाला वीसेक पोळ्या लागत असतील तर महिन्याला २० किलो, वर्षाला साधारण अडीच क्विंटल गहू. रात्री भात किंवा ज्वारीची भाकर असेल तर त्याहून बराच कमी. अंदाजानं चार क्विंटल भरून दिवाळीनंतर टोके लागलेला गहू स्वस्तात विकणारी घरं मी पाहिली आहेत.

पैसे कमी असतील तर दोन-तीन घरांनी मिळून कट्टे घ्यावेत, किंवा तीन महिन्यांचंच भरावं. पण डाळ, मिरची आणि हळद या तीन वस्तू तरी हंगामात घ्याव्या. तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत, त्यामुळे नवी डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात भरपूर असते आणि पावसाळ्यापासून भाव वर सरकू लागतो. मिरचीचंही तसंच. भिवापूरची मिरची आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद, दोघींनाही भौगोलिक मानांकन आहे. आपल्या दाराशी पिकणारी वस्तू पाकिटातल्या लाल भुकटीच्या भावात घेण्यात काय हशील? सुक्या मिरच्या आणून, देठं खुडून, दोन दिवस ऊन दाखवून पिसाईला न्या. आपल्या डोळ्यांसमोर दळलेलं तिखट वर्षभर रंग सोडत नाही. नाकाला रुमाल बांधून उभं राहावं लागतं, तेवढं सोसा.

तांदूळ उलटा. तो नवा घेऊ नये, चिकट होतो. जानेवारी-फेब्रुवारीनंतर भंडारा-गोंदियाकडचा घ्यावा. रोजच्या भाताला एचएमटी उत्तम. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून तयार केला. नागपूरकरांना हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. आणि सगळा तांदूळ अख्खाच हवा असं नाही. कनकी बरीच स्वस्त पडते. खिचडी, इडली, धिरडी, खीर यांत दाणा तुटका होता हे कोणालाही कळत नाही.

साठवलेल्या धान्याला कीड लागते. कोणती गोळी टाकावी?

कोणतीच नाही. सल्फास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्यांतून ओलावा लागला की फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्यानं जीव गेले आहेत. त्या गोदामासाठी आहेत, दोन खोल्यांच्या घरासाठी नाहीत. पाऱ्याच्या टिकड्याही नकोत. ज्या डब्यातून लेकरांच्या पोटात धान्य जाणार, त्यात पारा ठेवण्याचं काही कारण नाही.

कीड लागते ती ओलाव्यामुळे, आणि ओलावा घालवायला नागपूरचं ऊन फुकट आहे. एप्रिलमध्ये गहू गच्चीवर जुन्या लुगड्यावर किंवा धोतरावर बोटभर जाडीचा पसरा. प्लॅस्टिकवर नको, खालून घाम धरतो. दुपारी दोनदा पायानं किंवा हातानं फिरवा. तीन कडक उन्हं पुरतात. दाणा दाताखाली टचकन फुटला पाहिजे, दबला तर आणखी एक दिवस. आता खरी मेख पुढे आहे: संध्याकाळी गरम गहू उचलून लगेच कोठीत भरायचा नाही. रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मगच भरायचा. गरम धान्याला झाकण लावलं की आतल्या पत्र्याला पाण्याचे थेंब धरतात, आणि तीन उन्हांची मेहनत एका रात्रीत पाण्यात जाते.

कोठी धुऊन, उन्हात कोरडी करून घ्या. तळाशी, मधे आणि वर सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला. ओला पाला घालू नका. कोठी भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नये, खाली लाकडी फळी किंवा विटा असाव्यात. तूरडाळीला तळहाताला लागेल एवढंच एरंडेल चोळा. जास्त झालं तर डाळीला वास येतो आणि शिजताना फेस येतो. रोजच्या वापराचा डबा वेगळा ठेवा. मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही पावसाची झड नसताना आणि कोरड्या हातानं.

इतवारीत फार स्वस्त तूरडाळ आणि बेसन मिळतं असं ऐकलं. घ्यावं का?

इतवारी-मस्कासाथचा ठोक किराणा स्वस्तच असतो, जरूर जा. पण बाजारभावापेक्षा डोळ्यात भरेल इतकी स्वस्त डाळ मूठभर ताटात पसरून बघा. लाखोळीची डाळ तूर किंवा चण्याच्या डाळीत मिसळतात. तिचा दाणा एका बाजूनं छाटल्यासारखा, पाचरीसारखा चपटा दिसतो. ती फार काळ रोजच्या खाण्यात राहिली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो. बेसनात मिसळली तर डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून चणाडाळ आणून चक्कीवरून दळून घेणं बरं. दळणाचे पैसे धरूनही ते पाकिटापेक्षा महाग पडत नाही.

भाजी कुठून घ्यावी? दारावर महाग, कॉटन मार्केट लांब.

आठवड्याची भाजी आठवडी बाजारातून घ्या, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार असो की सदरचा मंगळवारी. संध्याकाळी सात-साडेसातनंतर ढीग लावून विकतात. त्या वेळी पालेभाजी घेऊ नका, दिवसभर उन्हात दमलेली असते. वांगी, ढेमसं, कोहळं, बरबटी, टमाटर खुशाल घ्या. आलू, कांदे आणि लसूण पावसाळ्याआधी थोडे जास्त घेऊन पसरून ठेवा. आलू आणि कांदे एका टोपलीत ठेवू नका, एकमेकांना नासवतात.

कॉटन मार्केट किंवा कळमना चार घरांनी मिळून जाण्याच्या जागा आहेत. एकट्यासाठी गेलात तर पेट्रोल आणि "स्वस्त दिसलं म्हणून घेतलं" यात फायदा संपतो. दारावरच्या भाजीवाल्याकडून सांबार (कोथिंबीर)-मिरची घ्या. तो उन्हातून हातगाडी ढकलत येतो, त्याच्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्यात बचत नाही.

संत्रीही हंगामात घ्या. आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्च. मृगाचं फळ गोड असतं. ऐन आवकीत काटोल-नरखेडकडची फळं रस्त्यावर ढिगानं येतात, तेव्हा लेकरांना बिस्किटाच्या पुड्याऐवजी संत्रं द्या. आकारानं लहान, सालीवर डाग असलेलं फळ स्वस्त असतं आणि चवीला काही कमी नसतं. साली सावलीत वाळवून ठेवल्या की दिवाळीच्या उटण्यात जातात.

पावसाळ्यात भाज्या परवडत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये करायचं काय?

याची तयारी मे महिन्यात होते, म्हणून तर वर्षाची वही. मुगवड्या, कोहळ्याच्या वड्या, कुरड्या, पापड्या, वाळवलेली हरभऱ्याची भाजी आणि वाळवलेल्या गवारीच्या शेंगा हे सगळं नागपूरच्या उन्हात दोन दिवसांत खुळखुळ वाळतं. आलू-वांग्यात मूठभर मुगवड्या पडल्या की भाजी पुरवठ्याला येते.

दुसरा उपाय असा की भाजी रोज लागतेच हा समज सोडायचा. वैदर्भी स्वयंपाक डाळीवर उभा आहे. झुणका-भाकर, कढी-गोळे, पाटवडीचा रस्सा, चिंचेचं आंबट वरण, गोळा भात, यांत भाजी नावाची वस्तूच नाही. त्यातला वडाभात तर अख्खं जेवण आहे. मोठ (मटकी), तूर, चणा आणि थोडी मूग अशा डाळी चार-पाच तास भिजवायच्या, पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटायच्या. आलं, लसूण, हिरवी मिरची, सांबार, मीठ, हळद घालून चपटे वडे तळायचे. मोकळ्या भातावर वडा कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरची घालून कडकडीत केलेली तेलाची फोडणी ओतायची. वाटण सैल झालं तर वडे तेल पितात, मग काटकसर राहिली बाजूला. निथळणं महत्त्वाचं. चार माणसांना पाव किलो मिश्र डाळ पुरते.

सकाळच्या नाश्त्याला उकडपेंडी करा. जाडसर कणीक किंवा ज्वारीचं पीठ कोरडं खमंग भाजून कांद्याच्या फोडणीत ताकाचा किंवा पाण्याचा हबका मारत शिजवायचं. पोट दुपारपर्यंत शांत राहतं. तर्री पोह्याची हौस महिन्यातून एकदा बाहेर भागवा, ती घरच्या तर्रीनं भागत नाही हे मलाही मान्य आहे.

गॅस सिलिंडर महिनाही जात नाही.

आधी सिलिंडर वजन करून घ्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. टाकीवर १५.३ असेल तर काटा २९.५ किलो दाखवायला हवा. आणणाऱ्याकडे काटा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागायला संकोच करू नका.

मग स्वयंपाकाकडे वळा. डाळ अर्धा तास आणि अख्खं कडधान्य रात्रभर भिजवा. कुकरला पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवलेला कुकर फक्त वाफ घालवतो, आत शिजायचं तेवढ्याच वेळात शिजतं. एकाच कुकरात खाली वरण, मधे भात, वर आलू. ज्योत पिवळी दिसू लागली की बर्नर सुईनं साफ करा. आणि घरात चार जण चार वेळा जेवत असतील, तर प्रत्येकासाठी भाजी गरम करण्यात किती गॅस जातो ते एकदा बघा. एकत्र बसून जेवणं हा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि सर्वात अवघडही.

उन्हाळ्यात एसी घ्यावा की कूलर? मुलं एसीसाठी हट्ट करून राहिली आहेत.

पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हट्ट समजू शकतो. पण गणित बघा. घरचा मोठा कूलर साधारण २०० वॅटचा असतो. रोज १२ तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला ७२. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. रात्री ८ तास चालवला तरी महिन्याला २४० ते ३६०. आणि नागपूरचा उन्हाळा कोरडा आहे, म्हणून इथे कूलर खरंच थंड करतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त होते. मुंबईत हाच कूलर नुसता पंखा ठरेल.

बहुतेक घरांत कूलर चुकीचा लावलेला असतो. तो खिडकीच्या बाहेर हवा, खोलीत नको. आतच ठेवला तर तो खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो, आणि अंग चिकचिकतं. आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवायचं. घरातली माणसं "गारवा जाईल" म्हणून सगळं गच्च बंद करतात आणि मग कूलर काम करत नाही म्हणतात. आतली हवा बाहेर गेल्याशिवाय बाहेरची थंड होऊन आत येणार कशी?

कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूंना लावलेले गवताचे पडदे, दरवर्षी बदला. साधं गवत चालतं. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, वास मात्र स्वर्गीय. एप्रिल लागायच्या आत बदलून घ्या, कारण पहिली उष्णतेची लाट आली की कारागीर मिळत नाही आणि मिळाला तर भाव सांगतो. पंपाची जाळी साफ करा, पाणी वरून सगळ्या ताट्यांवर सारखं झिरपतं का ते बघा. एक कोपरा कोरडा राहिला तर तिथून गरम हवाच येते. मोठा कूलर कडक उन्हात तासाला ५ ते १० लिटर पाणी सहज पितो, त्यासाठी भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वापरू नका, घाण वास येतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंगूचा डास त्याच पाण्यात वाढतो, आणि एका डेंगूत वर्षाची काटकसर जाते. मृग लागून हवा दमट झाली की पंप बंद, नुसता पंखा चालवा.

गच्ची आपली असेल तर मार्चमध्ये तिला पांढरा चुना मारा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना फरक पहिल्याच दुपारी कळतो. पिण्याच्या पाण्याला माठ आहेच, फक्त तो जिथे वारा लागतो तिथे ठेवा. फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात ठेवलेला माठ शोभेचा.

३०० युनिटच्या वर गेलं की सगळ्या युनिटला वाढीव दर लागतो म्हणतात. खरं?

नाही. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, पण वाढीव दर त्या टप्प्याच्या वरच्या युनिटपुरताच असतो. ३१० झाले तर शेवटच्या १० ना. मात्र वरचं प्रत्येक युनिट सर्वात महाग असतं, म्हणून बचत उन्हाळ्यात केली तर जास्त दिसते. जुना छतपंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका, जो सर्वात जास्त चालतो तो आधी.

स्वतःचं घर आणि मोकळी गच्ची असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेची चौकशी करा. १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे.

हिवाळ्यात गिझर?

एका बादलीला साधारण अर्धं युनिट. चार बादल्या, दोन युनिट. काळी बादली दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी अंघोळ केली तर शून्य.

रेशनचं धान्य घेतो असं सांगायला लाज वाटते.

कशाची? कार्ड अंत्योदय असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य गटात असेल तर माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. आधार जोडणी आणि ई-केवायसी वेळेत करून घ्या, नाहीतर नाव गळतं आणि मग खेटे घालावे लागतात. गहू निवडून, ऊन दाखवून दळला की पोळी चांगली होते. जो तांदूळ भाताला आवडत नाही त्याचं पीठ करून धिरडी आणि पापड्या करा. विकू मात्र नका. दारावर येऊन पडेल भावात मागणारे असतात. त्यांना दिलेला तांदूळ आपणच पुढे दुकानातून दुप्पट-तिप्पट दरानं घेतो.

शाळेचा खर्च?

सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत राज्य मंडळाची पुस्तकं मोफत मिळतात. खासगी शाळेत २५ टक्के जागांवर आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) प्रवेश आहे, त्याची कागदं (उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा) डिसेंबरमध्येच तयार ठेवा. गणवेश एक माप मोठा, खाली दुमड घालून. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवून रफ वही होते, आणि मुलांना ती शिवायला आवडते.

सणावारी हात आखडता घेतला तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणतील ते म्हणतील, तुमच्या आहेराचं पाकीट दोन दिवसांनी कोणाला आठवतही नाही.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी दरवर्षी नवा लागत नाही. जुन्याला रंग द्या, नव्या झुलीला जुन्या साडीचा काठ लावा. गल्लीतल्या पोरांना बोजारा म्हणून प्रत्येकी पाच-दहा रुपये किंवा घरचा लाडू. त्याच दिवशी मारबत, म्हणजे गावातली इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि लोक दरवर्षी महागाईलाही घेऊन जा म्हणून ओरडतात. मारबतीनं अजून ऐकलेलं नाही.

संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकचे डबे-गाळण्या वाटायची चढाओढ बंद करा. पन्नास घरांचं वाण म्हणजे छोटा किराणा असतो. मूठभर वायगावची हळद कागदी पुडीत द्या, स्वस्त आणि कामाची. दिवाळीचा फराळ दोन-तीन घरांनी मिळून करा. एकीकडे चकलीचा घाणा, दुसरीकडे शंकरपाळे, आणि तेल एकदाच तापतं.

दवाखान्याचा खर्च कसा कमी करावा?

यात कमी करायचं नाही. औषध अर्धवट सोडणं ही काटकसर नव्हे. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात; चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्या असं डॉक्टरांना सांगा. मोठ्या आजाराला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा, डबा सोबत ठेवा. घरात कोणी आजारी नसतानाच आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेची कार्डं काढून ठेवा.

मी एकटा, भाड्याच्या खोलीत राहतो. मेस लावू की स्वतः करू?

ऑफिसच्या दिवशी एक वेळची मेस आणि रात्री स्वतः, हे जमतं. ३ लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा एवढंच घ्या. खिचडी, वरण-भात, अंडी, फोडणीचे पोहे, एवढं आलं की माणूस उपाशी राहत नाही. पोळ्या शेजारच्या काकूंकडून नगानं घ्या. बाहेरून मागवलेल्या जेवणाचा महिन्याचा आकडा मोबाइलमध्येच दिसतो, तो एकदा बघा, मी काही बोलत नाही.

रविवारी मुलांना घेऊन जायचं तर मॉलशिवाय काही आहे का?

अजब बंगला, म्हणजे आपलं संग्रहालय आहे, १८६३ पासून. महाराजबाग, अंबाझरी, फुटाळा. मेट्रोनं सीताबर्डीला उतरून दुसरी लाइन पकडून शेवटपर्यंत जाऊन येणं हीच लहान मुलांना सहल वाटते. फल्लीदाणे आणि पाण्याची बाटली घरून न्या.

घरातली बाकीची माणसं साथ देत नाहीत. मी एकटीच वाचवते, बाकीचे उडवतात.

मग वही तुमच्याकडून काढून त्यांच्याकडे द्या. एक महिना किराणा नवऱ्यानं आणायचा, विजेचं मीटर रोज रात्री मुलानं वाचून भिंतीवर लिहायचं. भिंतीवरचा आकडा आईच्या बोलण्यापेक्षा जास्त काम करतो. आणि प्रत्येकाच्या हातात महिन्याला थोडे पैसे असे द्या ज्यांचा हिशेब कोणी मागणार नाही. तुमच्याही हातात. त्यातून तुम्ही कुल्फी खा नाहीतर गजरा घ्या.

रोज दोन-चार पोळ्या उरतात. त्यांचं काय?

आधी मोजून करा. तरी उरल्या तर सकाळी कुस्करून कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता आणि हळदीची फोडणी द्या, वरून निंबू पिळा. किंवा कडक भाजून जवसाची चटणी आणि तेल लावून मुलांच्या डब्यात. गुळाचा लाडू करायचा असेल तर तूप थोडं जास्त लागतं, म्हणून तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.